सायंकाळचा भोंगा आणि मिटलेले पुस्तक

दिवेलागणीस मूल माजघरात पुस्तक उघडून बसते आणि त्याच वेळी घरातील वडील मंडळी दूरचित्रवाणीपुढे किंवा मोबाइलात मग्न असतात, हे दृश्य आमच्या वाचकांस अपरिचित नाही. पुढे ‘याचे चित्त अभ्यासात नाही’ असा ठपका मात्र एकट्या मुलाच्या माथी येतो! हा न्याय आम्हांस मान्य नाही.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तेथील ग्रामस्थांनी २०२२ साली असे ठरविले की, सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजताच दीड तास घरोघर दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवावयाचे आणि मुलांनी अभ्यासास बसावयाचे. मनोनिग्रह केवळ इच्छेवर टिकत नाही, त्यास भोवतालची अनुकूलता लागते, हा मानसशास्त्राचा सिद्धांत त्या गावाने असा आचरणात आणला.

परंतु मिळालेला वेळ सार्थकी लावावा कसा? अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला. इतरांनी तो एकदा वाचून, दूर ठेवून, आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र लिहिणाऱ्यांस ५६ टक्के आठवले, वाचणाऱ्यांस ४२ टक्केच. आमच्या आजोबांच्या ‘पुस्तक मिट आणि म्हण’ या शिरस्त्याचे मर्म हेच होय. फरक इतकाच की, त्या प्रयोगात छडी नव्हती!

छडीविना शाळा चालते, हे साताऱ्याजवळील कुमठे बीटातील जिल्हा परिषदेच्या शाळांनी दाखविले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तेथील शिक्षकांनी धाक दूर सारला आणि जमिनीवरील आखणी, खडे, बिया, काड्या यांच्या साह्याने मुलांस स्वतः शिकू दिले. २०१५ साली राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास परजिल्ह्यांतील शिक्षक हे वर्ग पाहावयास येत असत. छापील परिपत्रकाने जे उमगत नाही, ते त्यांस प्रत्यक्ष वर्गात बसून उमगले.

आमच्या घरांवर भोंगा वाजणार नाही. तेव्हा आज सातच्या ठोक्यास प्रथम थोरांनीच आपापले मोबाइल कोनाड्यात ठेवावेत. आजोबांनी नातवास पुस्तक मिटून धडा सांगावयास लावावे. अडेल तेथे न रागावता पुस्तक उघडू द्यावे आणि आठवड्याने तोच धडा पुन्हा विचारावा.