वजन नसलेलं मूलद्रव्य

१७८९ साली, बॅस्तिलचा तुरुंग फुटला त्याच वर्षी, पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिए यांचं रसायनशास्त्राचं पुस्तक निघालं. त्यात ३३ मूलद्रव्यांची यादी आहे. ऑक्सिजन, हायड्रोजन, गंधक, लोखंड, सोनं ही ओळखीची मंडळी तिथे आहेतच. पण यादीच्या अगदी वरच्या टोकाला दोन भलतीच नावं बसली आहेत. एक प्रकाश आणि दुसरं ‘कॅलरिक’, म्हणजे उष्णता. लाव्हाझिए काही भाबडे गृहस्थ नव्हते. तराजूत तोलल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही शिस्त रसायनशास्त्राला लावली ती त्यांनीच. आणि त्यांनीच कुठल्याही तराजूत न भरणारं मूलद्रव्य यादीत घातलं.

शाळेच्या पुस्तकांत या कॅलरिकची बोळवण एका परिच्छेदात होते. पूर्वी लोक उष्णतेला एक प्रवाही पदार्थ समजत. मग रम्फर्ड नावाच्या माणसाने तोफा कोरताना घर्षणातून उष्णता निर्माण होते हे दाखवलं आणि ती खुळी समजूत संपली. या परिच्छेदावर माझा जुना राग आहे. संपली कसली? रम्फर्डच्या प्रयोगानंतर कॅलरिक जवळजवळ पन्नास वर्षं ठणठणीत जगलं, आणि त्या काळात त्याच्या आधाराने सापडलेला एक नियम आजही एकाही औष्णिक वीजकेंद्राला मोडता आलेला नाही.

मुळात ती समजूत खुळी नव्हती. १७६०च्या दशकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी एक साधी गोष्ट बारकाईने पाहिली. वितळणाऱ्या बर्फाला उष्णता देत राहिलं, तरी सगळा बर्फ वितळेपर्यंत तापमापीतला पारा हलत नाही. गॅसवरच्या पातेल्यातलं पाणी एकदा उकळायला लागलं की ज्योत कितीही मोठी करा, पाणी फक्त लवकर आटतं, जास्त तापत नाही. मग दिलेली उष्णता जाते कुठे? ब्लॅक म्हणाले, ती आत शिरून लपते. दहावीच्या पुस्तकातला ‘अप्रकट उष्मा’ तो हाच. वाफेचं पुन्हा पाणी झालं की लपलेली उष्णता तेवढीच्या तेवढी बाहेर येते. ठेवायला दिलेली वस्तू मापात परत मिळत असेल, तर ती वस्तूच असणार, असं वाटण्यात चूक काय? उष्णता आणि तापमान या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ब्लॅक यांच्यामुळेच नीट कळलं.

कॅलरिकचे कण एकमेकांना दूर लोटतात, असं मानलं की तापलेल्या वस्तू का प्रसरण पावतात, हेही उलगडत होतं. सायकलचा पंप हवा भरताना गरम का होतो? ओलं फडकं पिळलं की पाणी बाहेर यावं, तसं दाबलेल्या हवेतून कॅलरिक बाहेर पडतं म्हणून. ही पंपाची गोष्ट फ्रेंच गणिती लाप्लास यांनी फार पुढे नेली. न्यूटनने गणिताने काढलेला ध्वनीचा वेग प्रत्यक्षापेक्षा सुमारे १५ टक्के कमी भरत होता, आणि खुद्द न्यूटनने जुळवाजुळव करून ते खिंडार बुजवलं होतं. १८१६ मध्ये लाप्लास यांनी दाखवलं की ध्वनीची लाट हवा इतक्या झटपट दाबते, की त्या हवेतली उष्णता निसटायला वेळच मिळत नाही. तापलेली हवा जास्त जोराने उसळते आणि लाट वेगाने पुढे सरकते. हा उलगडा आजही खरा मानला जातो. तो करणारा माणूस कॅलरिकवादी होता.

आता रम्फर्ड. अमेरिकेत जन्मलेला, स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने राहिलेला आणि पुढे बव्हेरियाच्या चाकरीत काउंट झालेला हा माणूस मोठा खटपट्या होता. त्याने पुढे लग्नही केलं ते गिलोटिनखाली गेलेल्या लाव्हाझिएंच्या विधवेशी, आणि ते चार-पाच वर्षांत मोडलं. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांची नळी कोरताना धातू प्रचंड तापतो, हे त्याने पाहिलं. मग मुद्दाम बोथट हत्यार लावलं, सगळं पाण्याच्या पेटीत बसवलं आणि घोडे जुंपून फिरवायला लावलं. अडीच तासांत पाणी उकळलं. जाळ नव्हता, कोळसा नव्हता. घासत राहिलं तर उष्णता निघतच राहते, तर मग धातूत असा किती साठा भरला होता? १७९८ साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं.

युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण विरोधकांपाशी उत्तरं होती. उष्णता आजूबाजूच्या वस्तूंतून ओढली जात असेल. शिवाय सूर्याची उष्णता निर्वात पोकळीतून आपल्यापर्यंत येते. रम्फर्ड म्हणतो तशी उष्णता म्हणजे कणांची हालचाल असेल, तर कण नसलेल्या जागेतून ती येते कशी? हा प्रश्न अवघडच होता. रम्फर्डकडे आणखी एका गोष्टीची वाण होती. किती श्रमाला किती उष्णता, याचं पक्कं प्रमाण त्याने दिलं नाही. हिशेब नसलेल्या तक्रारीवर कुणी दुकान बंद करत नाही.

कॅलरिकचा सर्वांत मोठा पराक्रम १८२४ सालचा. सादी कार्नो हा २८ वर्षांचा फ्रेंच लष्करी अभियंता. वाफेच्या इंजिनांत इंग्लंड फार पुढे गेलं होतं आणि हे त्याला सलत होतं. त्याने विचारलं, ठरावीक उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम काढता येईल? वाफेऐवजी हवा किंवा अल्कोहोल वापरलं तर जास्त निघेल का? त्याने इंजिनाकडे पाणचक्कीसारखं पाहिलं. पाणचक्कीत पाणी खर्च होत नाही, ते फक्त वरून खाली पडतं. तसंच कॅलरिक गरम बॉयलरमधून थंड बाजूकडे ‘पडतं’ आणि पडता पडता काम करून जातं. नुसता जाळ असून भागत नाही. पडायला थंड जागाही हवी. जास्तीत जास्त काम किती निघेल हे त्या दोन तापमानांवर ठरतं, इंजिनात वाफ आहे की आणखी काही, याने फरक पडत नाही. या मर्यादेपेक्षा सरस इंजिन कुणी बनवलंच, तर त्याच्या जोरावर साधं इंजिन उलटं फिरवून फुकटात अखंड काम मिळवता येईल. आणि ते अशक्य आहे.

चंद्रपूरच्या वीजकेंद्राजवळून जाताना दिसणारे ते अजस्र कूलिंग टॉवर म्हणजे कार्नोची ‘थंड बाजू’. वाफ ५४० अंश सेल्सियस आणि थंड बाजू ४० अंश धरली, तर उष्णतेपैकी फार तर ६१ टक्क्यांचं काम होऊ शकतं. कितीही हुशार अभियंता आणा, त्यापुढे जाता येत नाही. निष्कर्ष सोळा आणे खरा, आणि त्याखालचं गृहीतक, म्हणजे उष्णता खर्चच होत नाही हे, साफ चुकीचं.

कार्नोचं पुस्तक कुणी फारसं वाचलं नाही. १८३२ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, तो कॉलऱ्याने गेला. १८४५ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, पॅरिसची दुकानं पालथी घालत ते पुस्तक शोधत होता. दुकानदारांना कार्नोचा बाप माहीत होता, भाऊ माहीत होता, हा कार्नो कुणाला ठाऊक नव्हता.

राहिलेला हिशेब दोघांनी बाहेरून येऊन मांडला. जर्मन डॉक्टर मायर जहाजावरचा वैद्य म्हणून १८४० मध्ये जावाला पोचला, आणि तिथे खलाशांच्या शिरेतलं रक्त त्याला अपेक्षेपेक्षा लालभडक दिसलं. उष्ण प्रदेशात शरीराला ऊब राखायला कमी जाळावं लागतं, असं त्याने ताडलं. तिथून अन्न, ऊब आणि श्रम हे एकाच खात्यावर मांडण्याकडे तो वळला. दुसरा मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डमधल्या बिअर बनवणाऱ्या घराण्यातला जेम्स जूल. भट्टीच्या धंद्यात तापमानाचा बारीक अंदाज हाच नफा-तोटा. जूलने पाण्याच्या भांड्यात वल्ह्यांसारखी पाती बसवली आणि खाली येणाऱ्या वजनांनी ती फिरवली. वजनं वीस वेळा पाडून पाणी तापायचं जेमतेम अर्धा अंश फॅरेनहाइट. तळघरात, अंगाची ऊबही आड येऊ नये अशी काळजी घेत, त्याने हे पुन्हा पुन्हा मोजलं. १८५०चा त्याचा लेख रॉयल सोसायटीने छापला. पण घर्षणात यांत्रिक शक्तीचीच उष्णता होते, हा निष्कर्ष मात्र परीक्षक समितीच्या इच्छेवरून गाळावा लागला!

जूलचा हिशेब आजच्या मापांत सांगायचा तर पाणी ४२७ मीटर खाली पडलं की एक अंश सेल्सियस तापतं. गिरसप्प्याचा धबधबा २५३ मीटरांचा. म्हणजे खालच्या डोहातलं पाणी वरच्यापेक्षा सुमारे ०.६ अंशाने गरम असायला हवं. तापमापी घेऊन जाऊ नका. एवढ्या उंचीवरून पाण्याचे तुषार होतात, थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि सगळा हिशेब बुडतो. खुद्द जूलचंही हेच झालं. १८४७ मध्ये तो बायकोसह मधुचंद्राला आल्प्समध्ये गेला होता, तिथे थॉमसनला तो हातात लांब तापमापी घेतलेला भेटला, अशी आठवण थॉमसनने म्हातारपणी सांगितली आहे. तिला थोडा मीठमसाला लागलेला असू शकतो, पण तुषारांनी मोजणी फसली, हेही त्याच आठवणीत आहे.

थॉमसनची मात्र पंचाईत झाली. जूल म्हणतो, काम करताना उष्णता खर्च होते. कार्नो म्हणतो, मुळीच होत नाही. दोघांचेही निकाल खरे दिसतात. १८५० मध्ये जर्मनीच्या क्लॉझियसने तंटा मिटवला. गरम बाजूने निघालेल्या उष्णतेचा एक भाग कामात जातो, तिथे जूल बरोबर. उरलेला भाग थंड बाजूला पडलाच पाहिजे, तिथे कार्नो बरोबर. पहिल्या वाक्याचा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम झाला, दुसऱ्यातून १८६५ साली ‘एन्ट्रॉपी’ निघाली. कॅलरिक तेवढं बाद झालं.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. १८७८ साली कार्नोच्या भावाने त्याची जपून ठेवलेली टिपणं प्रसिद्ध केली. पुस्तकानंतर केव्हातरी कार्नोने स्वतःच कॅलरिक सोडलं होतं. उष्णता म्हणजे कणांची हालचाल, असं त्याने लिहून ठेवलं होतं, आणि पुढे जूलने केले त्या धर्तीच्या प्रयोगांचे बेतही आखले होते. एका अंशासाठी पाणी किती उंचीवरून पडावं, याचा त्याच्या टिपणातला आकडा ३७० मीटरांच्या आसपास येतो. मायर आणि जूल यांचे आकडे छापून येण्याच्या किमान दहा वर्षं आधीचा.