काहीही न करण्याचं तळं

हंगेरीतलं हेवीझ म्हणजे चिमुकलं गाव आणि त्याच्या मधोमध गरम पाण्याचं भलंमोठं तळं. कंबर धरून तिथे पोचलेल्या एका मुलीची ही गोष्ट. आणि एकदा जवळजवळ हातचं गेलेल्या एका तळ्याचीही!

एकोणतिसाव्या वर्षी कंबर धरली, हे कुणाला सांगायचीही लाज वाटते. आई म्हणाली, ‘‘आमच्या वेळी पन्नाशीनंतर सुरू व्हायचं हे.’’ डॉक्टरांनी एक्स-रेकडे नजर टाकली आणि विचारलं, ‘‘दिवसाचे किती तास बसून असता?’’ मी म्हटलं, दहा. मग जरा विचार करून म्हटलं, डेडलाइन असेल तर चौदा. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, व्यायामाचा कागद दिला. गोळ्या संपल्या. कागद अजून फ्रिजवर आहे, मॅग्नेटखाली.

त्यानंतर कामासाठी व्हिएन्नाला जाणं झालं. काम आटपल्यावर हातात चार दिवस उरले होते. प्राग की बुडापेस्ट, असा माझा खल चालू होता. तिथे राहणाऱ्या मैत्रिणीने मला खुर्चीतून उठताना पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, ‘‘तू प्रागच्या दगडी रस्त्यांवर चालणार? गप हेवीझला जा.’’

हेवीझ? मी नावही ऐकलं नव्हतं. तुम्हीही ऐकलं नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका.

नावातच गरम पाणी

हंगेरियन भाषेत ‘हेव’ म्हणजे गरम आणि ‘वीझ’ म्हणजे पाणी. आपल्या राजापूरजवळचं उन्हाळे आहे ना, तसंच सरळसोट नाव. पश्चिम हंगेरीत बालाटॉन नावाचा समुद्रासारखा पसरलेला तलाव आहे. त्याच्या पश्चिम टोकाला केस्तहेय हे शहर, आणि तिथून बसने जेमतेम पंधरा मिनिटांवर हेवीझ. गावात एक मुख्य रस्ता, केकची दुकानं, हॉटेलं, आणि बाथरोब घालून आरामात रस्ता ओलांडणारी माणसं. पहिल्या दिवशी मला ते फार विनोदी वाटलं. दुसऱ्या दिवशी मीही तशीच फिरत होते!

आणि मग ते तळं. मी ऑक्टोबरच्या अखेरीस गेले होते. सकाळी बाहेर कडाक्याची थंडी, तोंडातून वाफ येत होती आणि समोर अख्ख्या तळ्यातूनही वाफ येत होती. 4.4 हेक्टर, म्हणजे जवळजवळ अकरा एकर. त्या धुक्यात मधोमध खांबांवर उभी असलेली, मनोऱ्यांची जुनी पद्धतीची लाकडी इमारत. धुक्यातून अधूनमधून एखादं डोकं बाहेर यायचं आणि पुन्हा गडप व्हायचं.

पोहायला येणाऱ्या जगातल्या गरम तळ्यांमध्ये हे सर्वांत मोठ्यांपैकी एक मानलं जातं. उन्हाळ्यात पाणी 35 अंशांच्या वर जातं, ऐन थंडीतही सहसा 22-23 च्या खाली येत नाही. कारण खाली, 38 मीटर खोल एक गुहा आहे. 1975 मध्ये पाणबुडे तिच्यात शिरले, तेव्हा कळलं की गरम आणि थंड असे दोन्ही झरे तिथे एकत्र येतात आणि वर येतं ते त्यांचं मिश्रण. सेकंदाला चारशेच्या वर लिटर पाणी येतं आणि साधारण तीन दिवसांत अख्खं तळं नवं होतं. ना बॉयलर, ना पंप.

तरंगायचं, बस्स

पाणी खोल असल्यामुळे पाय टेकत नाहीत. त्यामुळे मोठमोठी माणसं, टक्कल पडलेले आजोबा, लिपस्टिक लावलेल्या आज्या, सगळे कमरेला रबरी रिंग अडकवून तरंगत असतात. मीही एक भाड्याने घेतली. (हो, अगदी लहानपणी सोसायटीच्या टँकमध्ये घालायचो तशीच!)

आता मजा ऐका. मी पाण्यात उतरले आणि लगेच पोहायला लागले. सवय! या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळ लागतो, हेही बघितलं. तिसऱ्या फेरीला शेजारच्या एका आजींनी हात करून मला थांबवलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या म्हणाल्या, ‘‘इथे काम नाही करायचं.’’ मग दोन्ही हात पसरून, डोळे मिटून त्यांनी मला प्रात्यक्षिक दाखवलं. नुसतं असायचं. एका वेळी साधारण अर्धा तास, मग बाहेर येऊन पडून राहायचं, वाटलं तर पुन्हा.

अर्धा तास काहीही न करणं किती कठीण आहे, याची तुम्हाला कल्पना आहे का? पहिल्या दहा मिनिटांत मी तीन मेल मनातल्या मनात लिहिले, एका एडिटरशी भांडले आणि मोबाइल लॉकरमध्ये नीट ठेवला ना, याची काळजी केली. मग कधीतरी रिंग हळूहळू वळत कमळांपाशी गेली.

आपल्याकडचं कमळ

या कमळांनी मला खरा धक्का दिला. गडद गुलाबी, लालसर, लांब देठांची. हे गावाचं मानचिन्ह आहे, अगदी गावाच्या मुद्रेवरही आहे. आणि ते मूळचं इथलं नाहीच. ते आहे भारतीय लाल कुमुद! 1898 मध्ये केस्तहेयच्या शेती महाविद्यालयातले प्राध्यापक लोव्हाश्शी शांदोर यांनी ते इथे लावलं. (हंगेरीत आडनाव आधी येतं, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं.) बर्फाच्या प्रदेशात उष्ण देशातलं फूल जगलं, कारण पाणी कधी गोठलंच नाही. आजींना मी सांगितलं की हे फूल आमच्याकडचं. त्यांनी एकदा फुलाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘मग तूही राहा.’’

तळ्याभोवतीचं स्नानगृह मात्र त्याआधीचं. 1795 मध्ये इथल्या जमीनदार घराण्यातल्या फेश्तेतिच ज्योर्ज यांनी ते सुरू केलं. दोनच वर्षांनी केस्तहेयला शेतीचं महाविद्यालय काढणारेही हेच. आज तळ्याकाठी संधिवाताचं मोठं हॉस्पिटल आहे. तळातला चिखल अंगाला लावण्याचे उपचार तिथे होतात. आणि ‘वजनस्नान’ नावाचा एक अजब प्रकार आहे. पाण्यात माणसाला मानेला किंवा काखेत आधार देऊन उभं लटकवायचं, कमरेला किंवा पायाला वजन बांधायचं आणि मणक्यांना हळूहळू ताण द्यायचा. डॉ. मोल कारोय यांनी 1953 मध्ये ही पद्धत आणली. मी तिथल्या डॉक्टरांना घाबरत विचारलं, ‘‘मला पण टांगणार?’’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘तुम्हाला टांगायची गरज नाही. तुम्हाला खुर्चीवरून उठवायची गरज आहे.’’

तळं आटतं तेव्हा

त्याच डॉक्टरांनी मला पुढची गोष्ट सांगितली आणि तिने माझी ट्रिप बदलली. हेवीझच्या उत्तरेला न्यिराद नावाचं गाव आहे. तिथे बॉक्साइटची खाण होती. ॲल्युमिनियमचा हा कच्चा माल काढायचा तर खाण कोरडी हवी, म्हणून जमिनीखालचं पाणी वर्षानुवर्षं पंपांनी उपसलं गेलं. खाण एकीकडे, तळं दुसरीकडे, पण खालच्या चुनखडकातलं पाणी एकच. हेवीझचा झरा क्षीण होत गेला. जवळच्या तॉपोल्त्सा शहराच्या पोटात गुहेतलं तळं आहे, तेही 1980च्या दशकात आटलं.

म्हणजे वरून पाहिलं तर सगळं व्यवस्थित. लोक येताहेत, तरंगताहेत, केक खाताहेत. आणि खाली दर सेकंदाला येणारं पाणी कमी होतंय.

शेवटी 1990 मध्ये खाण बंद झाली. एका बाजूला खाणीवर पोट असलेली माणसं, दुसऱ्या बाजूला तळ्यावर पोट असलेलं गाव. निर्णय कुणालाच फुकट पडला नाही. पण पाण्याची पातळी हळूहळू वर आली. लगेच नाही, वर्षं लागली. तॉपोल्त्साच्या गुहेत आज पुन्हा होडी वल्हवता येते. हेवीझला 1992 मध्ये शहराचा दर्जा मिळाला.

त्या संध्याकाळी मी पुन्हा पाण्यात उतरले, तेव्हा मला तो एक्स-रे आठवला. मीही गेली चार-पाच वर्षं फक्त उपसतेच आहे की! झोप, जेवणाच्या वेळा, रविवार. वरून सगळं छान चाललंय, स्टोऱ्या छापून येताहेत. गोळ्या घेऊन झरा वाढत नाही, पंप बंद करावा लागतो. एवढं साधं मला कळायला हंगेरीपर्यंत जावं लागलं, हे जरा महागच पडलं!

चार दिवसांत कंबर बरी झाली का? नाही. चौथ्या दिवशी सकाळी मोजे घालताना भिंतीचा आधार लागला नाही, एवढं खरं. घरी आल्यावर फ्रिजवरचा कागद काढला आणि व्यायाम सुरू केला. दोन एडिटरना ‘या महिन्यात जमणार नाही’ असंही कळवलं. एकाचं उत्तर अजून आलेलं नाही. बघू.

जायचं असेल तर...

- हंगेरीसाठी शेंगेन व्हिसा लागतो, पण चलन युरो नाही, फोरिंट आहे.
- बुडापेस्टहून ट्रेनने केस्तहेय गाठा, तिथून बस घ्या. बुडापेस्टहून थेट बसही मिळते. दोन्हींना तीन तासांच्या आसपास.
- तळ्याचं तिकीट तासांच्या हिशेबाने मिळतं. तळं बाराही महिने खुलं असतं. वाफेची गंमत बघायची तर थंडीत जा, कमळं बघायची तर उन्हाळ्यात.
- हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, गरोदर असाल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. उपचार घ्यायचे तर तिथल्या डॉक्टरांची तपासणी करून घ्या.
- एक दुपार एग्रेज भागासाठी ठेवा. द्राक्षमळ्यांच्या कडेला चिमुकलं मध्ययुगीन चर्च आहे आणि वाइनची तळघरं आहेत.
- शाकाहारींनी लांगोश शोधावा. तळलेली गरमागरम पोळी, वर लसूण, क्रीम आणि चीज. डाएट परत आल्यावर!
- मोबाइल लॉकरमध्येच राहू द्या.