'इंग्लंड'च्या पुढचं गाव

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून लाखो कष्टकरी अमेरिकेत गेले. कॉर्नवॉलचे खाणकामगार विस्कॉन्सिनमधल्या मिनरल पॉइंटला, स्टॅफर्डशरचे कुंभार ओहायोतल्या ईस्ट लिव्हरपूलला, लँकेशरचे गिरणी कामगार मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरला. त्यांतल्या बहुतेकांनी आठवणी लिहून ठेवल्या नाहीत, पण दप्तरांत त्यांच्या खुणा राहिल्या. अशा पूर्वजाचा माग काढताना मोठी अडचण एकच येते: अमेरिकेतल्या बऱ्याच कागदांवर जन्मस्थान म्हणून नुसतं 'इंग्लंड' लिहिलेलं असतं. खरा शोध त्यापुढच्या गावाचा असतो.

सुरुवात शेवटापासून

आधी मृत्यूच्या नोंदी पाहाव्यात: दाखला, थडग्यावरचा मजकूर, चर्चची वही आणि स्थानिक वृत्तपत्रातला मृत्युलेख. गावाचं नाव मिळण्याची आशा मृत्युलेखात आणि थडग्यावर अधिक असते.

जनगणना: दर दहा वर्षांची खूण

1850 पूर्वीच्या अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. 1850 पासून प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) व्यक्तीचं नाव, वय आणि जन्मस्थान लिहिलं जाऊ लागलं. 1880 मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांचं जन्मस्थान आलं, तर 1900 मध्ये अमेरिकेत आल्याचं वर्षही. 1890 ची जनगणना मात्र 1921 च्या आगीनंतर जवळजवळ पूर्ण नाहीशी झाली.

मुलांचे जन्म नीट वाचावेत. थोरला इंग्लंडमध्ये जन्मला, मधली पेन्सिल्व्हेनियात, धाकटा आयोवात, असं दिसलं तर समुद्र ओलांडल्याचं वर्ष बहुधा पहिल्या दोन जन्मांच्या मध्ये असतं आणि पुढच्या प्रवासाची वाटही कळते.

जहाजाची यादी

1819 च्या कायद्यामुळे 1820 पासून प्रत्येक कप्तानाला प्रवाशांची यादी अमेरिकन कस्टमकडे द्यावी लागे. तीत नाव, वय, व्यवसाय आणि देश असे. एलिस आयलंड 1892 मध्ये सुरू झालं; 1855 ते 1890 या काळात न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांचं ठिकाण कॅसल गार्डन होतं. ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्यांच्या याद्या मुख्यतः 1890 पासूनच्या उरल्या आहेत. त्याआधीच्या प्रवासासाठी भिस्त अमेरिकन याद्यांवरच.

नागरिकत्व आणि जमीन

1906 पर्यंत नागरिकत्वाचं काम अनेक प्रकारच्या न्यायालयांत होई, म्हणून पूर्वज राहिला त्या प्रत्येक काउंटीत कागद शोधावे लागतात. आधी इराद्याचं निवेदन, मग एकूण पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज, आणि व्हिक्टोरिया राणीवरच्या निष्ठेचा त्याग. विवाहित स्त्रीला बहुधा पतीमुळेच नागरिकत्व मिळे, त्यामुळे तिचा वेगळा कागद क्वचितच सापडतो.

1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन मिळे. अट अशी की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची, आणि अर्जदार नागरिक असावा किंवा तसा इरादा त्याने जाहीर केलेला असावा. या अर्जाची फाइल मिळाली तर मोठंच घबाड. घर केवढं, जमीन किती नांगरली, हे तीत साक्षीदारांच्या जबानीसह येतं. ते साक्षीदार बहुधा शेजारी असत. त्यांचीही मुळं तपासावीत, कारण लोक पुष्कळदा नातलगांच्या आणि गाववाल्यांच्या मागोमाग जात.

समुद्रापलीकडची पडताळणी

इंग्लंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली. 1851 च्या जनगणनेपासून जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चचा स्थानिक विभाग, लिहिला जाऊ लागला. 1837 च्या आधीच्या काळासाठी पॅरिशच्या वह्या आहेत. त्यांचा आरंभ 1538 चा.

इथे घाई नडते. त्याच नावाची, जवळपास त्याच वयाची दोन-तीन माणसं एकाच जिल्ह्यात सापडतात. म्हणून पत्नीचं नाव, भावंडं आणि धंदा जुळवून पाहावा. शेवटी आणखी एक कसोटी लावावी: तो माणूस नंतरच्या इंग्लिश जनगणनेत त्याच गावात दिसतो का? दिसला, तर तो बहुधा घरीच राहिलेला दुसरा कुणीतरी. स्थलांतरानंतर त्या गावाच्या वह्यांतून जो नाहीसा होतो, तोच आपला असण्याचा संभव जास्त.