सहवैमानिकाचे ऐकले असते तर...

कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांतून कितीतरी जण आखातात नोकरीला आहेत. त्यामुळे तिकडून येणाऱ्या विमानाला अपघात झाला, की काळजाचा ठोका चुकतो.

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ पैकी फक्त ८ जण वाचले. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहूनच आलेले दुसरे विमान भर पावसात कोझिकोडला तसेच खाली गेले. २१ जण दगावले. दोन्ही धावपट्ट्या डोंगरमाथ्यावरच्या, संपल्या की लगेच उतार. तिथे चुकीला जागा नसते.

पण चौकशीत मुख्य दोष धावपट्टीचा निघाला नाही. दोन्ही विमाने टेकायच्या जागेच्या बरीच पुढे टेकली होती. दोन्ही वेळा सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घ्यायला सांगितले होते. मंगळूरला तर तीनदा. कप्तानाने ते मानले नाही.

उतरता उतरता विमान परत वर गेले, की आपण चिडतो. खरे तर तेव्हा वैमानिकाने शहाणपण केलेले असते. उशीर झाला तरी माणूस घरी पोहोचतो.

घरातही तेच. धाकट्याने वेळीच ‘थांबा’ म्हटले, तर थोरल्याने थांबावे. त्यात कमीपणा नाही.