वाई : कृष्णाकाठचा निवांत दिवस

पुण्याहून सकाळी लवकर निघालात, तर ऊन चढायच्या आत वाईच्या घाटावर पोहोचाल. ढोल्या गणपतीचं देऊळ सरदार रास्ते यांनी बांधलेलं. दर्शन झालं की मागे जाऊन भिंत जरूर बघा: पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून ती माशाच्या आकाराची केली आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला तो याच गावातून.

उन्हं कलली की जवळच्या मेणवलीला जा. नाना फडणवीसांचा वाडा पाहून मागच्या घाटावर उतरा. तिथली पोर्तुगीज घंटा १७३९च्या वसई मोहिमेतली, असं सांगतात. या घाटावर तासभर तरी बसावंच. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात, जपून उतरा.