आवृत्ती बदलली, खेळ रुसला!

दोस्तांनो, ही गोष्ट माझ्याच फजितीची आहे बरं का!

माझी भाची नववीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं पायथॉन भाषेत एक खेळ लिहिला. चित्रं हलवायला आणि आवाज काढायला पायगेम नावाची लायब्ररी घेतली होती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मला काय अवदसा आठवली कोण जाणे! 'पायथॉन ३.१० कसलं वापरतेस? जुनं झालं ते,' असं म्हणत मी तिच्या कॉम्प्युटरवर ३.१३ बसवलं. संध्याकाळी खेळ सुरू केला, तर पडद्यावर उत्तर आलं : पायगेम नावाचं काही सापडत नाही! त्यात नेटही गेलेलं.

मी जुन्या पायथॉनमधलं पायगेमचं फोल्डर उचलून नव्यात ठेवलं. तरी ढिम्म! मग भाचीला दिसलं की आतल्या काही फायलींच्या नावात 'सीपी३१०' असं लिहिलंय. ते खोडून आम्ही ३१३ केलं. आता वेगळीच तक्रार : ३१० ची डीएलएल या आवृत्तीशी जुळत नाही. नाव बदललं म्हणून माणूस थोडाच बदलतो?

असं का होतं? तुम्ही लिहिता तो पायथॉनचा मजकूर साधा असतो, तो नवी आवृत्तीसुद्धा वाचून घेते. म्हणून भाचीच्या स्वतःच्या ओळी शाबूत होत्या. पण पायगेमचा गाभा सी भाषेत आहे. तो आधीच कंपाइल करून, म्हणजे यंत्राच्या आकड्यांत उतरवून दिलेला असतो. पायथॉनच्या पोटात कुठली वस्तू कुठल्या जागी आहे, हे त्यात पक्कं बसवलेलं असतं.

आजीचा मिसळणाचा डबा आठवा. ती न बघता हात घालते आणि बरोबर हळद काढते. कुणी वाट्यांच्या जागा बदलल्या तर? हळदीऐवजी तिखट पडेल की नाही?

पायथॉनमध्ये अशा वाट्या खरंच हलतात. २०१२ साली आलेल्या ३.३ मध्ये अक्षरं साठवायची पद्धतच बदलली. तेव्हापासून नुसत्या इंग्रजी मजकुराला अक्षरामागे एक बाइट लागतो, देवनागरीला दोन. 'मराठी' या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हं, म्हणजे दहा बाइट! २०२० पासून तर दर ऑक्टोबरात नवी आवृत्ती येते. मग लायब्ररीवाल्यांना प्रत्येक आवृत्तीसाठी पुन्हा कंपाइल करावं लागतं.

यावर एक तोडगा २०११ च्या ३.२ पासून आहे. काही ठरावीक वाट्या कधीच हलवायच्या नाहीत, असं पायथॉननं वचन दिलं. फक्त त्याच वापरणाऱ्या फायलींना 'एबीआय३' अशी खूण असते, आणि त्या पुढच्या आवृत्त्यांतही चालतात. पण सगळ्यांचं तेवढ्यावर भागत नाही.

रात्री दहाला भाचीनं विचारलं, 'मामा, तू जुनं पायथॉन काढून टाकलंस का रे?'

'नाही गं.'

विंडोजवर ३.१० आणि ३.१३ शेजारी-शेजारी सुखानं नांदतात. तिनं आज्ञा दिली : पाय, मग उणे चिन्ह आणि ३.१०, पुढे खेळाच्या फायलीचं नाव. आणि खेळ सुरू झाला!

(पालकहो, मुलांचा प्रकल्प चालू असताना 'अपडेट करू का?' असं आधी त्यांनाच विचारा. माझं ऐका!)

नेट आल्यावर ३.१३ साठी कंपाइल केलेलं पायगेम पाच मिनिटांत उतरवून झालं. पण प्रदर्शनात खेळ ३.१० वरच चालला. कॉम्प्युटरवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती : 'मामानं हात लावू नये.'