विमानातील रिकामे आसन

सन 2009 च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील एखाद्या विमानात शिरलेल्या उतारूला, जगात मोठी मंदी आली आहे हे सांगूनही पटले नसते. आसनांच्या रांगा पुढपासून मागपर्यंत भरलेल्या, डोक्यावरील कप्प्यांत पिशवी ठेवण्यास जागा नाही, आणि मधल्या आसनावर बसणाऱ्याला तर कोपर टेकण्याचीही पंचाईत. तरीही विमान कंपन्यांच्या दृष्टीने ते वर्ष अत्यंत वाईट होते. कारखाने बंद पडत होते, लाखो माणसांचा रोजगार गेला होता आणि जगभरातील आंतरराष्ट्रीय विमानप्रवास आदल्या वर्षापेक्षा 3.5 टक्क्यांनी घटला होता. उतारू घटले, तर विमाने रिकामी दिसावयास हवी होती. मग ती भरलेली कशी?

हे कोडे उलगडण्यासाठी प्रथम रिकाम्या आसनाचा स्वभाव ओळखला पाहिजे. आठवड्याच्या बाजारात मेथीच्या जुड्या मांडून बसलेली भाजीवाली दिवस कलू लागला की भाव उतरविते. कारण पाला उद्यापर्यंत टिकणार नाही, हे ती जाणते. तरी उरलेली जुडी निदान तिच्या घरच्या भाकरीबरोबर खपते. विमानातील आसनाला तेवढीही सवड नाही. विमानाचे दार लागले की न विकल्या गेलेल्या आसनाची किंमत त्या क्षणी शून्य होते. ते साठवून ठेवता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी विकताही येत नाही. इकडे खर्च मात्र फारसा कमी होत नाही. दीडशे आसनांच्या विमानात साठच माणसे बसली, म्हणून वैमानिकाचे वेतन किंवा विमानतळाचे शुल्क निम्मे होत नाही. इंधनही थोडेसेच वाचते.

म्हणून प्रत्येक विमान कंपनी एका आकड्यावर सतत नजर ठेवून असते. महाराष्ट्रात एस. टी.च्या कारभारात त्याला ‘भारमान’ म्हणतात. तोच शब्द येथेही चालेल. शंभर आसनांपैकी जितकी भरली तितके भारमान. (प्रत्यक्ष हिशेबात प्रवासाचे अंतरही धरतात, पण मूळ कल्पना हीच.) एका शहरातून दुसऱ्या शहराला रोज पाच विमाने जातात आणि प्रत्येकात 150 आसने आहेत, असे समजू. एकूण आसने 750. रोज 600 उतारू येत असतील, तर भारमान झाले 80. आता मंदी आली आणि उतारू उरले 480. कंपनीने पाचही विमाने चालू ठेवली, तर भारमान 64 वर घसरेल. परंतु तिने एक विमान बंद केले, तर आसने राहतील 600, आणि त्यांत 480 उतारू बसतील. भारमान पुन्हा 80! विमानात बसलेल्या माणसाला काहीच बदल जाणवणार नाही. जे पाचवे विमान उडालेच नाही, ते त्याला कोठून दिसावे?

2008 आणि 2009 या वर्षांत नेमके हेच घडले. मात्र ते कागदावरील उदाहरणाइतक्या सहजतेने घडले नाही. 2008 च्या जुलैमध्ये खनिज तेलाचा भाव पिंपामागे 147 डॉलरपर्यंत चढला होता. इंधनाच्या या खर्चाने घाबरून अमेरिकेतील कंपन्यांनी त्या वर्षीच्या शरद ऋतूपासून आपली अनेक उड्डाणे कमी करण्याचे ठरविले. इतक्यात 15 सप्टेंबर 2008 रोजी लेहमन ब्रदर्स ही प्रचंड वित्तसंस्था कोसळली आणि मंदीने सारे जग व्यापले. म्हणजे संकट आले, त्यापूर्वीच अमेरिकेतील कंपन्यांनी आपले पसारे आवरावयास घेतले होते. आणि तेही दुसऱ्याच संकटाच्या भीतीने. त्यामुळे त्या देशातील भारमान 2009 मध्येही 80 च्या आसपास टिकले. यात दूरदृष्टीपेक्षा योगायोगाचा वाटा मोठा होता, हे मान्य केले पाहिजे.

इतर खंडांतील कंपन्यांना एवढी उसंत मिळाली नाही. मालवाहतुकीने मंदीची पहिली वर्दी दिली: 2008 च्या डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय विमानांनी वाहिलेला माल आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या मानाने 22 टक्क्यांहून अधिक घटला. पाठोपाठ उतारू घटले. 2009 च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय प्रवास सुमारे 10 टक्क्यांनी कमी झाला, परंतु कंपन्यांना आसने मात्र 6 टक्क्यांच्या आसपासच कमी करता आली. परिणामी भारमान 70 वर उतरले; म्हणजे दर दहा आसनांपैकी तीन रिकामी. जुलैपर्यंत ते पुन्हा 80 वर चढले. जुलै हा युरोप-अमेरिकेतील सुट्यांचा महिना असल्यामुळे या सुधारणेचे सारे श्रेय काटकसरीला देता येणार नाही. तरी आसनांची छाटणी तोवर उतारूंच्या घटीशी बरोबरी करू लागली होती, हेही खरे.

ही छाटणी करण्यास इतका वेळ का लागतो? विमाने अनेक वर्षे आधी मागवावी लागतात, आणि सुबत्तेच्या काळात मागविलेले विमान नेमके मंदीत दारात येऊन उभे राहते. दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. लंडनच्या हीथ्रोसारख्या गजबजलेल्या विमानतळांवर उतरण्याच्या व उडण्याच्या वेळा वाटून दिलेल्या असतात. युरोपातील नियमाप्रमाणे मिळालेल्या वेळांपैकी किमान 80 टक्के वापरल्या नाहीत, तर पुढील वर्षी त्या हातच्या जाऊ शकतात. त्यामुळे उतारू नसले तरी वेळ राखण्यासाठी विमान उडवीत राहावे, असा मोह कंपन्यांना पडतो! 2009 च्या उन्हाळ्यात युरोपीय संघाने हा नियम तात्पुरता शिथिल केला, तेव्हा कंपन्यांना आपली विमाने निश्चिंतपणे जमिनीवर ठेवता आली.

जमिनीवर ठेवावयाची म्हणजे कोठे? विमान ही काही घराशेजारच्या गोठ्यात बांधून ठेवण्याची वस्तू नव्हे. सिंगापूर एअरलाइन्सने 2009 च्या फेब्रुवारीत 17 विमाने सेवेतून काढण्याचे जाहीर केले. इतर कंपन्यांनीही तेच केले. अशा विमानांपैकी अनेकांना अमेरिकेतील वाळवंटांत आसरा मिळतो. कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल आणि ॲरिझोनातील मराना ही त्यांची प्रसिद्ध ठिकाणे. तेथे पाऊस अगदी थोडा आणि हवा कोरडी. त्यामुळे धातू लवकर गंजत नाही. इंजिनांची तोंडे झाकून बंद करतात, ऊन आत शिरू नये म्हणून खिडक्यांवर चकचकीत आच्छादन लावतात, आणि चाके एकाच बाजूवर दबून राहू नयेत म्हणून अधूनमधून ती फिरवितात. महासागर ओलांडणारी ती अजस्र विमाने रांगेने वाळूत उभी असलेली पाहिली, की मंदीत रिकामी झालेली आसने कोठे गेली, याचे उत्तर मिळते.

जी विमाने उडत राहिली, त्यांच्या आतही एक भेद होता. पुढील बाजूस महागडी आसने असतात. तेथे बहुधा मोठ्या कंपन्यांचे अधिकारी बसतात. मंदीत प्रथम त्यांच्याच खर्चाला कात्री लागली, आणि 2009 च्या वसंतात या वर्गाचे आंतरराष्ट्रीय उतारू सुमारे एक-पंचमांशाने घटले. मागील आसने भरण्यासाठी कंपन्यांनी भाडी उतरविली. त्यामुळे विमान भरलेले दिसे, पण गल्ला भरत नसे. आंतरराष्ट्रीय प्रवास 3.5 टक्के घटला, उत्पन्न मात्र त्याहून कितीतरी अधिक घटले, आणि जगातील कंपन्यांनी मिळून त्या वर्षी अब्जावधी डॉलर गमावले.

भारतात त्याच्या थोडे आधी वेगळा अनुभव आला. येथील कंपन्यांनी भराभर नवी विमाने आणली होती. 2008 मध्ये इंधनाच्या भाववाढीमुळे भाडी वाढली, आणि नुकतेच विमानाने जाऊ लागलेले मुंबई-दिल्लीचे कित्येक उतारू पुन्हा आगगाडीकडे वळले. त्या वर्षी देशांतर्गत उतारूंची संख्या आदल्या वर्षापेक्षा कमी झाली. येथे आसने आधीच जास्त असल्यामुळे रिकामेपणा उघड दिसला.

भरलेल्या विमानामागे आणखी एक गोष्ट लपलेली असते. मोठ्या शहरांमधील पाच फेऱ्यांपैकी एक कमी झाली, तर उतारू दुसऱ्या वेळेला निघतो. पण लहान गावाला दिवसाकाठी एकच विमान असेल आणि तेच बंद झाले, तर त्या गावाचा आकाशमार्गच तुटतो. अमेरिकेतील अनेक लहान शहरांना या काळात असा फटका बसला. त्या विमानावर काम करणारे वैमानिक, सेवक, सामान चढविणारे हमाल यांची नावे कोणत्याही भारमानात लिहिलेली नसतात.

2020 साली करोनाच्या साथीने तर हा आकडा किती फसवा असू शकतो, हे पुरते दाखवून दिले. भारतात 25 मार्चपासून 24 मेपर्यंत देशांतर्गत प्रवासी विमाने एकही उडाली नाहीत. साऱ्या वर्षात जगातील विमानप्रवास 2019 च्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच उरला. आणि भारमान? ते सुमारे 65 होते. नुसता तेवढाच आकडा वाचणाऱ्याला वाटावे, की जरा सुस्तीचे वर्ष होते इतकेच!

2009 ची मंदी पुढे ओसरली. 2010 मध्ये प्रवास 8 टक्क्यांनी वाढला, माल तर त्याहून वेगाने वाढला, आणि वाळवंटातील काही विमानांवरची आच्छादने काढण्यात आली. त्यांची चाके, तेलाच्या नळ्या, यंत्रे तपासून त्यांना पुन्हा आकाशात धाडण्यात आले. जी फार जुनी झाली होती, ती मात्र परतली नाहीत. त्यांची इंजिने आणि उपयोगी भाग काढून दुसऱ्या विमानांना बसविण्यात आले, आणि उरलेले सांगाडे तेथेच वाळूत राहिले.